सीएफए की एमबीए? गुंतवणूक व्यवस्थापनात करिअर करायचे तर कोणता खर्च कामी येतो?

देशातील म्युच्युअल फंडांकडे मे २०१४ मध्ये १० लाख कोटी रुपयांची मालमत्ता होती. २०२५ मध्ये हा आकडा ७५ लाख कोटींच्या पुढे गेला. ‘एसआयपी’च्या माध्यमातून दरमहा येणाऱ्या रकमेने ऑक्टोबर २०२४ मध्ये पहिल्यांदाच २५ हजार कोटींचा टप्पा ओलांडला आणि डिमॅट खात्यांची संख्या २० कोटींवर पोहोचली. एवढा पैसा सांभाळायला माणसे लागणारच, असा हिशेब करून वाणिज्य शाखेचे आणि आता अभियांत्रिकीचेही अनेक विद्यार्थी या क्षेत्राकडे वळत आहेत. बीकॉम, बॅफ किंवा बीएफएमच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलामुलींच्या घरात त्यामुळे एक प्रश्न हमखास निघतो : सीएफएची परीक्षा द्यायची की एमबीएला प्रवेश घ्यायचा?

प्रश्न साधा वाटला, तरी त्यात कुटुंबाची मोठी रक्कम आणि उमेदवाराची तीन-चार वर्षे पणाला लागतात. एका बाजूला तीन-चार लाखांचे परीक्षा शुल्क आहे, तर दुसऱ्या बाजूला पंचवीस लाखांहून मोठे शैक्षणिक कर्ज. ‘दोन्हींत मोठे कोणते’ अशी तुलना बहुतेक वेळा होते. प्रत्यक्षात या दोन्ही गोष्टी दोन वेगळ्या कामांसाठी आहेत. आणि कायद्याने जे सक्तीचे आहे, ती तर तिसरीच गोष्ट आहे.

गुंतवणूक व्यवस्थापन म्हणजे नेमके कोणते काम?

या नावाखाली किमान चार प्रकारची कामे येतात. पहिले म्हणजे प्रत्यक्ष निर्णय घेणारा फंड मॅनेजर. दुसरे, त्याच्यासाठी कंपन्यांचा अभ्यास करणारा संशोधन विश्लेषक. तिसरे, ग्राहकांशी थेट संबंध असलेले संपत्ती व्यवस्थापक, सल्लागार आणि वितरक. चौथे, जोखीम मोजणे, व्यवहारांची नोंद ठेवणे, योजनेचे दररोजचे मूल्य काढणे, नियमांचे पालन तपासणे अशी पडद्यामागची कामे.

जाहिराती आणि मुलाखतींमध्ये चेहरा दिसतो तो फंड मॅनेजरचा. पण ७५ लाख कोटींच्या या उद्योगात फंड घराणी पन्नासच्या आसपास आहेत आणि फंड मॅनेजर काही शेकड्यांत मोजता येतील इतकेच. मालमत्ता दुप्पट झाली म्हणून फंड मॅनेजर दुप्पट लागत नाहीत. एकच व्यक्ती पाच हजार कोटी सांभाळते तशी पन्नास हजार कोटीही सांभाळू शकते. नोकऱ्या वाढतात त्या मुख्यतः तिसऱ्या आणि चौथ्या गटात. पुण्यात बीएनवाय, यूबीएस यांसारख्या परदेशी वित्तसंस्थांची मोठी केंद्रे आहेत, नवी मुंबईत मॉर्निंगस्टार आहे, मुंबई आणि पुण्यात क्रिसिल आहे. अशा ठिकाणी विश्लेषण, माहिती संकलन, जोखीम आणि कामकाजाच्या नोकऱ्या मोठ्या प्रमाणात निघतात. त्यामुळे ‘या क्षेत्रात जायचे आहे’ एवढे ठरवून भागत नाही. या चारपैकी कोणत्या कामासाठी जायचे आहे, त्यावर पुढचा सगळा हिशेब बदलतो.

कायद्याने काय लागते?

बहुतेक विद्यार्थ्यांच्या यादीत ही गोष्ट शेवटी असते, पण सुरुवात तिथूनच करायला हवी. भारतात शेअर बाजाराशी संबंधित काम करायचे तर ‘सेबी’च्या नियमांनुसार ठरावीक प्रमाणपत्रे लागतात. ती ‘एनआयएसएम’ म्हणजे राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्था देते. सेबीने २००६ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेचा परिसर रायगड जिल्ह्यात पाताळगंगा इथे आहे. म्युच्युअल फंड वितरकासाठी एक परीक्षा, संशोधन विश्लेषकासाठी दुसरी, गुंतवणूक सल्लागारासाठी दोन आणि पोर्टफोलिओ व्यवस्थापकासाठी वेगळी, अशी त्यांची रचना आहे. शुल्क काही हजारांत असते. तयारीला काही आठवडे पुरतात. प्रमाणपत्राची मुदत साधारणतः तीन वर्षे असते.

हे प्रमाणपत्र मिळाले म्हणजे नोकरी मिळाली असे नाही. मात्र ते नसेल तर संबंधित काम करता येत नाही. सीएफएची सनद असो वा नामवंत संस्थेचे एमबीए, सल्लागार किंवा विश्लेषक म्हणून नोंदणी करायची तर एनआयएसएमची परीक्षा चुकत नाही.

शैक्षणिक पात्रतेची अट त्याशिवाय आहे. पन्नास लाखांपासून पुढची गुंतवणूक घेणाऱ्या पोर्टफोलिओ व्यवस्थापन सेवांसाठी सेबीचे २०२० चे नियम लागू आहेत. तिथल्या मुख्य अधिकाऱ्यासाठी वित्त, विधी, लेखा किंवा व्यवसाय व्यवस्थापनातील व्यावसायिक पात्रता, सीएफएची सनद किंवा एनआयएसएमचा किमान एक वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम यांपैकी एक चालते. म्हणजे नियामकाने या पर्यायांमध्ये उच्च-नीच ठरवलेले नाही. या पदाला अनुभवाचीही अट आहे. ती कोणत्याही पदवीने भरून निघत नाही.

गुंतवणूक सल्लागारांच्या बाबतीत डिसेंबर २०२४ मध्ये मोठा बदल झाला. पूर्वी पदव्युत्तर पात्रता आणि अनुभव या दोन्ही अटी होत्या. त्या शिथिल करून संबंधित विषयातील पदवी पुरेशी ठरवण्यात आली, अनुभवाची अट काढली गेली आणि निव्वळ मालमत्तेच्या अटीऐवजी बँकेत ठेव ठेवण्याची तरतूद आली. कारण उघड होते. कोट्यवधी नवे गुंतवणूकदार बाजारात आले, पण सेबीकडे नोंदणी असलेले सल्लागार देशभरात हजाराच्या आसपासच होते. ही पोकळी समाजमाध्यमांवरचे नोंदणी नसलेले ‘तज्ज्ञ’ भरून काढत होते. स्वतंत्र सल्लागार होऊ इच्छिणाऱ्या पदवीधराला आता केवळ नियमाच्या पूर्ततेसाठी एमबीए किंवा सीएफए करण्याची गरज उरलेली नाही.

सीएफए म्हणजे काय?

‘चार्टर्ड फायनान्शियल अॅनालिस्ट’ ही अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या शार्लट्सव्हिल इथे मुख्यालय असलेल्या सीएफए इन्स्टिट्यूटची सनद आहे. डॉक्टर किंवा लेखापालाप्रमाणे शेअर विश्लेषकालाही व्यावसायिक दर्जा असावा, अशी मांडणी बेंजामिन ग्रॅहम यांनी १९४० च्या दशकात केली. पहिली परीक्षा १९६३ मध्ये झाली.

परीक्षेच्या तीन पातळ्या आहेत. नीतिमत्ता, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, ताळेबंदाचे विश्लेषण, समभाग, रोखे, डेरिव्हेटिव्ह, पोर्टफोलिओ व्यवस्थापन असे विषय त्यात येतात. प्रत्येक पातळीसाठी साधारण ३०० तास अभ्यास लागतो असे संस्था सांगते. नोकरी सांभाळून रोज दोन तास दिले तर एका पातळीची तयारी पाच महिन्यांची होते. पहिली पातळी वर्षातून चारदा, दुसरी तीनदा आणि तिसरी दोनदा होते. एका पातळीसाठी जास्तीत जास्त सहा प्रयत्न मिळतात. पदवीचा अभ्यास पूर्ण व्हायला २३ महिने किंवा त्याहून कमी काळ उरला असेल तर पहिली पातळी देता येते.

यात दोन गोष्टींचा घोळ नेहमी होतो. पहिली म्हणजे, तिन्ही पातळ्या उत्तीर्ण झाल्या तरी सनद लगेच मिळत नाही. त्यासाठी किमान ३६ महिन्यांत ४,००० तासांचा संबंधित कामाचा अनुभव लागतो. हा अनुभव परीक्षेच्या आधीचा, दरम्यानचा किंवा नंतरचा चालतो, पण तो लागतोच. सनद मिळाल्यावरही नावापुढे ती तीन अक्षरे लावण्यासाठी दरवर्षी सदस्यत्व शुल्क भरावे लागते. दुसरी गोष्ट, ही सनद म्हणजे विद्यापीठाची पदवी नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये सीए, सीएस आणि कॉस्ट अकाउंटंट या पात्रता पदव्युत्तर पदवीशी समकक्ष मानल्या. त्या यादीत सीएफए नाही. पुढे प्राध्यापकी किंवा पीएचडीचा विचार असलेल्यांनी हे लक्षात ठेवायला हवे.

परीक्षा अवघड आहे, ही तिची ख्याती खरी आहे. जुलै २०२१ मध्ये पहिल्या पातळीचा निकाल २२ टक्के लागला होता. त्यानंतर तो सुधारला. २०२४ मधील फेऱ्यांत तो ४३ ते ४६ टक्क्यांच्या दरम्यान राहिला. म्हणजे आजही पहिल्या पातळीला बसणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण नापास होतात. यातच या सनदेचे मूल्य आहे आणि जोखीमही. नापास झालेल्याला शुल्क परत मिळत नाही आणि ‘पहिली पातळी उत्तीर्ण’ एवढ्यावर नोकरीत मिळणारा फायदा मर्यादित असतो.

एमबीएचे पैसे नेमके कशासाठी?

व्यवस्थापन संस्थेत वित्त विषय शिकवला जातो, पण गुंतवणुकीपुरते पाहिले तर सीएफएचा अभ्यासक्रम त्याहून खोल आहे. मूल्यांकन, रोखे किंवा पोर्टफोलिओ यांचा जितका तपशील सीएफएच्या तीन पातळ्यांत येतो तितका दोन वर्षांच्या सर्वसाधारण एमबीएत येत नाही. तिथे विपणन, मनुष्यबळ, कामकाज व्यवस्थापन असे विषयही शिकावे लागतात.

मग एवढे शुल्क कशाचे? मुख्यतः प्रवेशद्वाराचे. फंड घराणी, गुंतवणूक बँका आणि खासगी इक्विटी कंपन्या नवी माणसे घेतात तेव्हा त्या मोजक्या संस्थांच्या आवारात जातात. पहिल्या वर्षानंतरची उन्हाळी इंटर्नशिप, कॅम्पस मुलाखती आणि दहा-वीस वर्षांपूर्वी बाहेर पडलेले माजी विद्यार्थी हा या व्यवहाराचा गाभा आहे. कॅट परीक्षेला २०२४ मध्ये सुमारे तीन लाख उमेदवार बसले. नियोक्त्याच्या दृष्टीने त्यातून निवड होणे हीच पहिली चाळणी असते. वर्गात काय शिकवले, हा मुद्दा नंतरचा.

त्यामुळे एमबीएचे मूल्य संस्थेगणिक कमालीचे बदलते. आघाडीच्या आठ-दहा संस्थांबाहेर गुंतवणूक कंपन्या क्वचितच भरतीला जातात. पंधरा लाख शुल्क घेणाऱ्या मधल्या फळीतील खासगी संस्थेत ‘फायनान्स’चे स्पेशलायझेशन असले, तरी तिथून मिळणारी नोकरी बँकेच्या विक्री विभागातली किंवा कर्जवाटपाची असू शकते. ती वाईट नव्हे, पण जिच्यासाठी कर्ज काढले ती नोकरी ती नसते.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना इथे एक फायदा आहे. मुंबईतील जमनालाल बजाज संस्था १९६५ पासून मुंबई विद्यापीठांतर्गत चालते आणि वित्तक्षेत्रात तिचे माजी विद्यार्थी मोठ्या संख्येने आहेत. तिचे दोन वर्षांचे शुल्क आयआयएमच्या तुलनेत बरेच कमी, दहा लाखांच्या आत आहे. सिडनहॅमची व्यवस्थापन संस्था आणि पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापन विभागही कमी शुल्कातले पर्याय आहेत. राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून जाणाऱ्यांना उत्पन्नाच्या अटींनुसार राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसारख्या योजनांचा आधार मिळतो. या योजना पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी आहेत, परदेशी संस्थेच्या परीक्षा शुल्काला त्या लागू होत नाहीत. अडचण जागांची आहे. जमनालाल बजाजमध्ये खुल्या गटातून प्रवेश मिळवायचा तर सीईटीत ९९ पर्सेंटाइलच्याही वर जावे लागते.

खर्चाचा हिशेब कसा मांडावा?

सीएफएसाठी २०२५ मध्ये एकदाच भरायचे नोंदणी शुल्क ३५० डॉलर होते. त्याशिवाय प्रत्येक पातळीचे शुल्क लवकर भरल्यास हजार डॉलरच्या आसपास आणि उशिरा भरल्यास १,३०० ते १,४०० डॉलर. एका डॉलरला ८५ ते ९० रुपये धरले, तर कुठेही नापास न होता तिन्ही पातळ्यांचा खर्च सुमारे तीन ते चार लाख रुपये होतो. शिकवणी लावली तर तिचा खर्च वेगळा. एकदा नापास झाले की लाखभर रुपये आणि किमान सहा महिने वाढतात. रुपया घसरला तर हा खर्च आपोआप वाढतो, हेही धरायला हवे. संस्थेच्या शिष्यवृत्त्या आहेत आणि त्या मिळाल्यास शुल्क बरेच कमी होते, पण त्यासाठी मुदतीत स्वतंत्र अर्ज करावा लागतो.

आयआयएम अहमदाबादचे दोन वर्षांचे शुल्क आता पंचवीस लाखांच्या पुढे गेले आहे. समजा, पंचवीस लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने दहा वर्षांसाठी घेतले. मासिक हप्ता सुमारे ३३ हजार रुपये येतो आणि एकूण परतफेड ४० लाखांच्या जवळ जाते. शिक्षण सुरू असतानाचे व्याज यात धरलेले नाही. उमेदवार आधी वर्षाला पाच लाख मिळवत असेल तर दोन वर्षांचे बुडालेले दहा लाख हाही खर्चच आहे. सीएफए नोकरी करत करता येते, हा त्याचा सर्वात मोठा आर्थिक फायदा इथे दिसतो.

पण या हिशेबाची दुसरी बाजूही आहे. सीएफएचा खर्च कमी असला तरी नोकरी शोधण्याची सगळी जबाबदारी उमेदवारावर राहते. तिथे कॅम्पस प्लेसमेंट नसते. लातूर किंवा रत्नागिरीतून पहिल्या दोन पातळ्या उत्तीर्ण झालेल्या, पण मुंबईतल्या एकाही फंड घराण्यात ओळख नसलेल्या पदवीधराला मुलाखतीपर्यंत पोहोचणेच अवघड जाते. त्याला अनुभव नाही म्हणून नोकरी मिळत नाही आणि नोकरी नाही म्हणून ४,००० तास भरत नाहीत. स्वस्त मार्ग ज्याला सर्वात आकर्षक वाटतो, त्याच्याकडेच तो मार्ग पूर्ण करायला लागणारी ओळखपाळख बहुधा नसते. शिकवणी वर्गांच्या जाहिरातींत ही बाजू येत नाही.

मोठे फंड मॅनेजर काय शिकले आहेत?

प्रशांत जैन यांनी आयआयटी कानपूर आणि आयआयएम बंगळुरू इथे शिक्षण घेतले आणि ते सीएफए सनदधारकही आहेत. आयसीआयसीआय प्रुडेन्शियलचे एस. नरेन आयआयटी मद्रास आणि आयआयएम कोलकात्याचे. कोटकचे नीलेश शाह सीए आहेत. पराग पारिख फंडाचे राजीव ठक्कर सीए आणि सीएफए दोन्ही. सुनील सिंघानियाही सीए आणि सीएफए असून सीएफए इन्स्टिट्यूटच्या जागतिक नियामक मंडळावर गेलेले ते पहिले भारतीय. राकेश झुनझुनवाला सीए होते.

या यादीतून ‘अमुक एकच पदवी हवी’ असा निष्कर्ष निघत नाही. दोन गोष्टी मात्र दिसतात. भारतात या क्षेत्रात येण्याचा एक जुना आणि तुलनेने स्वस्त रस्ता सीएचा आहे. सीएफए-एमबीएच्या वादात तो विसरला जातो. सीएला आर्टिकलशिपमुळे प्रत्यक्ष ताळेबंद हाताळण्याचा अनुभव अभ्यासातच मिळतो. आणि सीएफए बहुधा एकटे येत नाही. ते आधीच्या दुसऱ्या पात्रतेच्या जोडीला असते. अर्थात, यशस्वी माणसांच्या याद्यांवर फार विसंबू नये. हीच पात्रता असलेले पण या यादीत न आलेले हजारो जण कुणी मोजलेले नाहीत.

पदवीमुळे परतावा सुधारतो का?

गुंतवणूकदाराच्या दृष्टीने खरा प्रश्न हाच आहे. अमेरिकेतील अर्थतज्ज्ञ ज्युडिथ शेव्हलिए आणि ग्लेन एलिसन यांनी १९९९ मध्ये ‘जर्नल ऑफ फायनान्स’मध्ये या विषयावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९८८ ते १९९४ या काळातील सुमारे पाचशे फंड मॅनेजरांची कामगिरी त्यात तपासली होती. एमबीए असलेल्यांचा परतावा वरकरणी जास्त दिसला, पण त्यांनी बाजाराची जोखीम जास्त घेतली होती. ती वजा केल्यावर हा फरक बहुतांशी उरला नाही. मात्र प्रवेशासाठी अधिक गुण लागणाऱ्या महाविद्यालयांतून पदवी घेतलेल्यांची कामगिरी जोखीम विचारात घेऊनही सरस होती.

याचा अर्थ अनेक प्रकारे लावता येतो. निवडक महाविद्यालयांतील मुले मुळात हुशार असतील, किंवा त्यांच्या ओळखी चांगल्या असतील, किंवा त्यांना चांगल्या फंड घराण्यांत काम मिळत असेल. कोणताही अर्थ घेतला तरी नंतर मिळवलेल्या एमबीए पदवीने कौशल्यात मोठी भर पडल्याचे त्यातून सिद्ध होत नाही. वॉरन बफे यांना हार्वर्डच्या व्यवस्थापन संस्थेने प्रवेश नाकारला होता. ते कोलंबिया विद्यापीठात गेले, कारण तिथे ग्रॅहम शिकवत होते. त्यांनी पदवी निवडण्याआधी शिक्षक निवडला होता.

परदेशात मास्टर्स केले तर?

अमेरिकेतील वित्त विषयातील अनेक मास्टर्स अभ्यासक्रमांना ‘स्टेम’ दर्जा आहे. त्यामुळे शिक्षणानंतर तीन वर्षांपर्यंत काम करता येते. पुढचा टप्पा एच-१बी व्हिसाचा. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क जाहीर केले. अमेरिकेतच शिकत असलेल्या आणि तिथूनच व्हिसाचा प्रकार बदलणाऱ्यांना हे शुल्क लागू नाही, असे नंतर स्पष्ट करण्यात आले. तरीही कंपन्या परदेशी उमेदवारांबाबत सावध झाल्या आहेत. डॉलरमध्ये घेतलेले शिक्षण आणि रुपयांत फेडायचे कर्ज, असा प्रसंग आल्यास हिशेब कोलमडतो. सीएफएचा अभ्यासक्रम मात्र देश बदलला तरी तोच राहतो. दुबई, सिंगापूर, लंडन इथेही ही सनद ओळखली जाते, म्हणून स्थलांतराचा विचार असणाऱ्यांना तिचे महत्त्व अधिक वाटते.

एआय आणि इंडेक्स फंडांमुळे काय बदलेल?

मोठ्या कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या सक्रिय योजनांपैकी बऱ्याच योजना दीर्घ काळात निर्देशांकाच्या मागे राहतात, असे एस अँड पीच्या ‘स्पिव्हा’ अहवालांत वारंवार दिसले आहे. त्यामुळे इंडेक्स फंड आणि ईटीएफकडे पैसा वळतो आहे. या योजनांना शेअर निवडणारे संशोधक लागत नाहीत.

दुसरीकडे, नव्या एआय प्रारूपांनी सीएफएच्या तिसऱ्या पातळीच्या सराव परीक्षा उत्तीर्ण केल्याचे २०२५ मध्ये संशोधकांनी दाखवले. ताळेबंदाचा सारांश काढणे, तक्ते भरणे, तिमाही निकालांची टिपणे करणे ही नवख्या विश्लेषकाची कामे आता यंत्र बऱ्याच अंशी करते. सीएफए इन्स्टिट्यूटनेही अभ्यासक्रमात पायथन आणि वित्तीय मॉडेलिंगसारखे प्रात्यक्षिक भाग आणले आहेत, तसेच २०२५ पासून तिसऱ्या पातळीला पोर्टफोलिओ, खासगी संपत्ती आणि खासगी बाजार असे तीन मार्ग दिले आहेत. पाठ केलेल्या ज्ञानाचे बाजारमूल्य कमी होत असेल, तर ग्राहकाचा विश्वास, कंपनीच्या व्यवस्थापनाला नेमके प्रश्न विचारण्याची हातोटी आणि पडत्या बाजारात निर्णयावर टिकून राहणे यांचे वाढेल. ही तिन्ही प्रत्यक्ष काम करूनच येतात.

मग कोणी काय निवडावे?

जो आधीच बँकेत, ब्रोकिंग कंपनीत, पतमानांकन संस्थेत किंवा पुण्या-मुंबईतील वित्तीय केंद्रात काम करतो आणि संशोधनाकडे सरकू पाहतो, त्याच्यासाठी सीएफए सरळ पर्याय आहे. पगार चालू राहतो, अनुभवाचे तास भरत जातात आणि पात्रता कामाला थेट जोडली जाते. सीए झालेल्याला ताळेबंदाचा भाग सोपा जातो, त्यामुळे त्यालाही ही जोड फायद्याची.

जो पूर्णपणे बाहेरचा आहे, म्हणजे अभियंता, औषधनिर्माणशास्त्राचा पदवीधर किंवा वेगळ्या क्षेत्रात तीन-चार वर्षे काढलेला, त्याची मोठी अडचण प्रवेशाची असते. आघाडीच्या संस्थेत प्रवेश मिळत असेल तर एमबीएचा खर्च त्याच्यासाठी समर्थनीय ठरतो. मिळत नसेल, तर मधल्या फळीतील महागड्या संस्थेसाठी कर्ज काढण्याआधी या क्षेत्रात मिळेल त्या पायरीवर नोकरी पकडून सीएफएची पहिली पातळी देणे कमी जोखमीचे आहे. पुन्हा प्रवेशाचा प्रयत्न करायची वाट त्यातून बंद होत नाही.

ज्याला आपल्या गावी, आपल्या लोकांचा आर्थिक सल्लागार किंवा म्युच्युअल फंड वितरक व्हायचे आहे, त्याला सुरुवातीला या दोन्हींची गरज नाही. एनआयएसएमची परीक्षा, नियमांनुसार नोंदणी आणि चार-पाच वर्षांची सचोटी यांवर तो व्यवसाय उभा राहतो. मराठीत नीट समजावून सांगणारा नोंदणीकृत सल्लागार आजही अनेक जिल्ह्यांत सापडत नाही.

कोणताही मार्ग निवडला तरी पैसे भरण्याआधी तीन गोष्टी तपासता येतात. ज्या कंपनीत काम करायचे आहे तिथले गेल्या दोन वर्षांत रुजू झालेले विश्लेषक काय शिकले आहेत, हे त्यांच्या सार्वजनिक प्रोफाइलवर दिसते. संस्थेचा प्लेसमेंट अहवाल मागवून त्यात सरासरी पगाराऐवजी गुंतवणूक क्षेत्रात नेमके किती जण गेले, हा आकडा शोधावा. आणि काही हजार रुपयांत होणारी एनआयएसएमची संशोधन विश्लेषक परीक्षा आधी द्यावी. तिच्या अभ्यासात ताळेबंद वाचण्याचा कंटाळा आला, तर पुढचे तीन लाख किंवा तीस लाख खर्च करण्याआधीच ते कळलेले बरे.